जर्नल पूर्ण, फिल्डवर्क अपूर्ण

समाजकार्याची डिग्री घेऊन दर वर्षी शेकडो मुलंमुली वस्तीत, हॉस्पिटलात, बालगृहात कामाला लागतात. दुसऱ्यांच्या आयुष्यातले अवघड निर्णय त्यांच्या हातात येतात. त्या वेळी त्यांच्या मागे कोण उभं असतं?

दिवाळीत गावी गेले की मामाचा प्रश्न ठरलेला. ‘‘अगं, समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते? गाडगेबाबांनी कुठे एमएसडब्ल्यू केलं होतं?’’ सगळी पंगत हसते. मीही हसते. सुरुवातीला मी तावातावाने उत्तर द्यायचे, की मामा, समाजसेवा वेगळी आणि समाजकार्य वेगळं, हे एक प्रोफेशन आहे, त्याच्या सहा पद्धती आहेत... तोवर मामा करंजीकडे वळलेला असायचा.

आता नोकरीला पाच वर्षं झाल्यावर मला त्याच्या प्रश्नात थोडं तथ्य दिसायला लागलंय. डिग्री नको, असं मी म्हणत नाही. पण मला जे यायलाच हवं होतं, ते या डिग्रीने शिकवलं का, हा प्रश्न मी स्वतःला खूप उशिरा विचारला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू हे बहुधा एकच असे कोर्स असतील, जिथे पहिल्याच महिन्यात तुम्हाला वर्गाबाहेर काढतात. आठवड्यातले साधारण दोन दिवस फिल्डवर्क, म्हणजे क्षेत्रकार्य. कुणी वस्तीत, कुणी शाळेत, कुणी सरकारी हॉस्पिटलात, कुणी बालगृहात. मध्ये एक ग्रामीण शिबिर, शेवटी महिनाभराचं ब्लॉक प्लेसमेंट. प्रत्येक दिवसाचं रेकॉर्डिंग लिहायचं: काय पाहिलं, कुणाशी बोललो, आपल्याला काय वाटलं, पुढे काय करणार. मग ते घेऊन आठवड्यातून एकदा कॉलेजच्या सुपरव्हायजरसमोर बसायचं. याला आम्ही ‘आयसी’ म्हणतो, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. आयसी हा या शिक्षणाचा कणा आहे. डॉक्टर जसा वॉर्डमध्ये सीनियरच्या मागे उभा राहून शिकतो, तसं आमचं शिकणं इथे व्हायला हवं.

प्रत्यक्षात काय होतं? आम्हा सहा जणांना एका वस्तीत पाठवलं. संस्थेतल्या सरांनी चहा पाजला आणि म्हणाले, ‘‘आधी फिरा, रॅपो बिल्ड करा.’’ रॅपो कसा बिल्ड करतात ते कुणी सांगितलं नाही. आम्ही नळावरच्या बायकांपाशी जाऊन उभे राहिलो. एका मावशीने विचारलं, ‘‘कसला सर्व्हे आहे? काही मिळणारे का?’’ आम्ही म्हटलं, नाही मावशी, आम्ही शिकायला आलोय. ‘‘मग बसा की, उन्हात कशाला उभे!’’ रॅपो त्या मावशीनेच बिल्ड केला, आमचं त्यात काही श्रेय नाही.

आयसीचं म्हणाल, तर आमच्या मॅडम खरंच चांगल्या होत्या, पण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. लेक्चरचे पैसे तासावर मिळायचे, आयसीचा तास कुठल्या हिशेबात बसायचा नाही. त्यांच्याकडे आमच्यासारखी कितीतरी मुलं. त्यामुळे आयसी म्हणजे कॉरिडॉरमध्ये जर्नलवर सही. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात हॉस्टेलमध्ये रात्री जागून तीन महिन्यांचं रेकॉर्डिंग लिहिलं जायचं. सीनियरचं जर्नल समोर, तारखा बदलायच्या, वस्तीचं नाव बदलायचं. ‘आज मला समुदायाच्या गरजा जाणवल्या’ हे वाक्य आमच्या बॅचमध्ये किती जर्नलांत सापडेल, देव जाणे. विदर्भातल्या एका कॉलेजातला मित्र सांगतो, त्यांच्याकडेही हेच; फक्त वाक्य वेगळं होतं.

परीक्षेत मात्र आम्ही हुशार. बिस्टेकची सात तत्त्वं झोपेतही म्हणून दाखवू. स्वीकार, गोपनीयता, अशिलाचा स्वयंनिर्णय... गोपनीयतेवर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. त्यात मला आठ मिळाले होते.

एक होम व्हिजिट

पहिली नोकरी मुंबईच्या उपनगरातल्या एका संस्थेत. पगार सोळा हजार, करार अकरा महिन्यांचा. वस्तीत आमचं अभ्यासकेंद्र होतं. तिथे येणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने एका संध्याकाळी चपला घालता घालता सांगितलं, ‘‘ताई, पुढच्या महिन्यात मी गावी जाणारे. माझं जमवलंय.’’ सांगून ती निघूनही गेली.

मी रात्रभर तळमळले. कुणाला फोन करावा कळेना. प्रोजेक्ट मॅनेजर फंडरच्या व्हिजिटच्या गडबडीत होते. ते म्हणाले, ‘‘तुम्ही फिल्डला आहात, तुम्ही बघून घ्या.’’ मग दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचं निळं जॅकेट घालून, गळ्यात आयकार्ड अडकवून मी एकटीच तिच्या घरी गेले. गल्ली अरुंद, सगळी दारं उघडी. तिची आई म्हणाली, असं काही नाही मॅडम, कुणी सांगितलं तुम्हाला? ‘कुणी सांगितलं’ याचं उत्तर माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार. शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी बालविवाह कायदा, अठरा वर्षं, शिक्षा वगैरे सगळं एका दमात सांगितलं आणि खूप काही केलं अशा थाटात परत आले.

दोन दिवसांनी घराला कुलूप. मी १०९८ ला फोन लावला, पण गावाचं नाव मला नीट माहीत नव्हतं. फक्त ‘जालन्याकडे’. सहा महिन्यांनी मुलगी वस्तीत परत दिसली. गळ्यात मंगळसूत्र होतं. माझ्याकडे पाहून तिने मान वळवली.

त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्या भेटीची नोंद आहे. ‘होम व्हिजिट: १.’ टार्गेटमध्ये धरली गेली.

काय चुकलं हे मला दीड वर्षाने कळलं, दुसऱ्या नोकरीत, एका अनुभवी सहकारी ताईंशी बोलताना. त्यांनी दोष दिला नाही, एकेक प्रश्न विचारत गेल्या. आधी मुलीशी केंद्रातच, एकटीशी, निवांत का नाही बोललीस? तिला काय हवं होतं? घरी जाणं तिला सुरक्षित वाटत होतं का? वयाचा पुरावा शाळेतून मिळाला असता, तो का नाही घेतला? गावाचं नाव तिच्याकडूनच कळलं असतं. मग गावाकडे बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला कळवता आलं असतं. २००६ च्या कायद्यात लग्न आधीच थांबवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळवण्याची सोय आहे, बाल कल्याण समिती आहे. आणि जॅकेट? ‘‘जॅकेट घालून गेलीस म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगितलंस, की या पोरीने तोंड उघडलं.’’

पाऊण तास लागला हे बोलायला. त्या रात्री मला हा पाऊण तास हवा होता. पुस्तकातलं मला सगळं येत होतं. वस्तीत जाण्याआधी बसून विचार करायला लावणारं माणूस नव्हतं.

सोशल वर्कर कोण?

तुम्ही उद्या स्वतःच्या इन्स्टा बायोमध्ये ‘सोशल वर्कर’ लिहिलंत, तर कायदा तुम्हाला अडवणार नाही. फ्लेक्सवर तर ‘युवा नेते व समाजसेवक’ ही जोडी कायमची आहे. डॉक्टर, वकील, नर्स यांची नोंदणी असते, कौन्सिल असते. चूक केली तर तक्रार कुठे करायची हे माहीत असतं. आमच्यासाठी देशपातळीवर असं सर्वसाधारण कौन्सिल नाही. त्याच्या विधेयकाचा पहिला मसुदा १९९३ चा, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचा. महाराष्ट्रात तर समाजकार्य कॉलेजांचं अनुदान उच्च शिक्षण विभागाकडून नव्हे, सामाजिक न्याय विभागाकडून येतं, म्हणजे डिग्री विद्यापीठाची आणि ग्रँट दुसऱ्याच खात्याची. सरकारी हॉस्पिटलातल्या मेडिकल सोशल वर्करच्या पदाचं नावही ‘समाजसेवा अधीक्षक’ आहे. मामाला दोष तरी कसा देऊ?

कायद्यांत आमची जागा कुठे आहे हे शोधायला गेलात तर गंमत वाटेल. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन ‘सामाजिक कार्यकर्ते’ बसतात. त्यासाठी मुलांच्या क्षेत्रातला सात वर्षांचा अनुभव हवा, किंवा बाल मानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र अथवा कायदा यातली पदवी असलेला व्यावसायिक. समाजकार्याची पदवी या यादीत नाहीच! बाल कल्याण समितीच्या पात्रतेत मात्र ती आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकिअॅट्रिक सोशल वर्करची व्याख्या आहे, पण तिला दोन वर्षांचं एमफिल लागतं. आणि एमफिलच बंद करायचं ठरल्यावर यूजीसीला या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली. त्यातल्या त्यात बरी बातमी म्हणजे २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसाय कायदा. त्याच्या यादीत मेडिकल आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्कर आहेत. पण वस्तीत, शाळेत, बालगृहात, पोलीस स्टेशनात काम करणारे त्यात कुठे आहेत?

कौन्सिल हवंच, असं मला वाटतं. पण एक भीतीही वाटते. ज्या वस्तीत मी काम करते, तिथली सगळ्यात भारी कार्यकर्ती सातवी शिकलेली आहे. तिला रात्री दोन वाजता लोक उठवतात, मला नाही. उद्या लायसन्सच्या नावाखाली तिला ‘अपात्र’ ठरवलं, तर ते कौन्सिल माझं नाही. नोंदणी हवी ती केस फाइल, गोपनीय माहिती आणि कायदेशीर रिपोर्ट ज्यांच्या हातात असतात त्यांच्यासाठी. चळवळीला लायसन्स लागू नये.

हॉस्पिटलचं उदाहरण घ्या. भारतातला पहिला मेडिकल सोशल वर्कर १९४६ मध्ये मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये नेमला गेला, असं आम्ही पहिल्या सेमिस्टरला पाठ करतो. आज माझी रूममेट एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये तेच काम करते. अशा हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. रुग्ण त्यात बसतो की नाही, हे कागदपत्रं बघून ठरवण्यात तिचा मोठा वाटा. एका बाजूला व्हेंटिलेटरवरचा माणूस आणि त्याची रडणारी बायको, दुसऱ्या बाजूला बिलिंग डिपार्टमेंट, मध्ये ही, चोवीस वर्षांची. ‘‘मला रोज कुणीतरी शिव्या देतं,’’ ती म्हणते, ‘‘पेशंट नाहीतर अॅडमिन.’’ घरी आल्यावर ती तासभर कुणाशी बोलत नाही. तिच्या हॉस्पिटलात डॉक्टरांची केस मीटिंग होते. तिच्या केसेसवर बोलायला मीच असते, मॅगी शिजेपर्यंत.

दहा टक्के कमी काम

‘बाहेर’ काय करतात? इंग्लंडमध्ये २००७ साली पीटर नावाचं सतरा महिन्यांचं बाळ लंडनच्या हॅरिंगेमध्ये घरातल्या मारहाणीने गेलं. सोशल वर्कर, डॉक्टर, पोलीस सगळ्यांनी त्याला अनेकदा पाहिलं होतं. लोकांचा संताप सगळ्यात जास्त सोशल वर्करवर निघाला. पण नंतर सरकारने नेमलेल्या टास्क फोर्सने २००९ मध्ये जो अहवाल दिला, तो शिक्षण, पहिलं वर्ष, कामाचा बोजा आणि सुपरव्हिजन या सगळ्याबद्दल होता. त्यातून २०१२ पासून नव्या सोशल वर्करसाठी नोकरीतलं ‘आधार असलेलं पहिलं वर्ष’ आलं. त्यात काम दहा टक्के कमी द्यायचं. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला सुपरव्हिजन, पुढे सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याला, मग महिन्यातून एकदा तरी. ‘सोशल वर्कर’ हे नाव तिथे नोंदणीशिवाय लावताच येत नाही. २०१९ पासून त्यासाठी स्वतंत्र नियामक संस्था आहे.

तिथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. तिथेही माणसं थकून नोकरी सोडतात. शिवाय आपल्याकडे तसलं सरकारी बालसंरक्षणाचं जाळं नाही, जे आहे ते बहुतेक कंत्राटी. त्यांची नक्कल करून भागणार नाही. पण ‘पहिले सहा आठवडे दर आठवड्याला’ हे वाचल्यावर मी खुर्चीत मागे टेकून बसले. आम्हाला एक चहा मिळाला होता!

आणि हे आपल्याला परकं आहे, असंही नाही. १९२६ साली मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन माणसाने नेबरहुड हाऊस सुरू केलं. वस्तीतल्या त्या कामातून दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, देशातलं समाजकार्याचं पहिलं कॉलेज निघालं, ज्याला आज आपण टिस म्हणतो. म्हणजे आपल्याकडे आधी वस्ती आली, मग वर्ग. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे, मग राज्यभर कॉलेजं झाली. जिथे कॉलेज वस्तीतून बाहेर पडलं नाही, तिथे काय उभं राहिलं तेही बघा. १९८४ मध्ये टिस आणि मुंबई पोलिसांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला. मारहाण झालेल्या बाईशी बोलायला पोलीस आवारातच प्रशिक्षित सोशल वर्कर बसायला लागली. १९९६ मध्ये चाइल्डलाइन, तो १०९८ नंबर, टिसच्याच फिल्ड अॅक्शन प्रोजेक्ट म्हणून सुरू झाला. बिहारच्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर होणारे अत्याचार २०१८ मध्ये उघडकीला आले, ते टिसच्या ‘कोशिश’ टीमने केलेल्या सोशल ऑडिटमुळे. २०२० मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्यात १९ जणांना दोषी ठरवलं. बालगृहाची तपासणी हा तसा एरवी रजिस्टर बघून उरकायचा मामला. या टीमला मुलींशी कसं बोलायचं हे येत होतं, आणि मागे संस्था उभी होती.

मग अडतं कुठे? पैशात, दुसरं काय! सुपरव्हायजरचा पगार हा बजेटमध्ये ‘अॅडमिन’ समजला जातो. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना प्रशासकीय खर्च पूर्वी निम्म्यापर्यंत चालायचा, २०२० च्या दुरुस्तीने ती मर्यादा २० टक्क्यांवर आली. सीएसआरवाल्यांना ‘किती लाभार्थी’ हा आकडा हवा असतो. आठवड्याला दोन तास बसून आम्ही केसेसवर बोललो, याचा फोटो चांगला येत नाही. कात्री लागते ती पहिली तिथेच. कॉलेजातही तेच: भरती रखडलेली, शिकवणारे सीएचबीवर, आयसीचा तास वर्कलोडमध्ये धरायचा की नाही यावर वाद.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कौन्सिल येईल तेव्हा येईल, त्याची तीस वर्षं वाट बघून झाली. सुपरव्हिजनला कुठला कायदा लागत नाही. कॉलेजने आयसीचा तास लेक्चरइतकाच मोजावा आणि त्याचे पैसे द्यावेत. संस्थेने प्रपोजल लिहितानाच सुपरव्हायजर हा कार्यक्रमाचा खर्च म्हणून दाखवावा, आणि फंडरने तो पाडू नये. आणि तुम्ही यंदा कॅम्पस इंटरव्ह्यूला बसणार असाल, तर पगार आणि प्रवासखर्चाबरोबर हेही विचारा: माझ्या केसेस मी कुणाशी बोलणार? आठवड्यातून किती वेळ? रात्री काही झालं तर फोन कुणाला? विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. समोरचे गडबडले, तर काय समजायचं ते समजा.

यंदा आमच्याकडे फिल्डवर्कला दोन मुली आल्या आहेत, एक लातूरची, एक कल्याणची. दर शुक्रवारी चार ते पाच आम्ही तिघी ऑफिसच्या मागच्या खोलीत बसतो. फोन बाहेर. पहिल्या शुक्रवारी त्या नुसत्या ‘हो ताई, हो ताई’ करत होत्या. गेल्या आठवड्यात लातूरच्या मुलीने आपलं रेकॉर्डिंग पुढे सरकवलं आणि म्हणाली, ‘‘हे मी कालच बसून लिहिलंय सगळं. खरं सांगू? मला त्या घरात जायची भीती वाटते.’’

मग त्या घरावर आम्ही तासभर बोललो. पुढची भेट घरी घ्यायची नाही, शाळेत घ्यायची, असं ठरलं. निघताना तिने विचारलं, ‘‘ताई, जॅकेट घालून जाऊ?’’